टोमॅटो छाटू की उपटू? आजच सांगा

मातीतहात: उन्हाळा सरत आला. टोमॅटोला फुलं भरपूर, पण देठासकट गळतायत. जी थोडी फळं धरली त्यांच्या बुडाला काळा डाग. खत वेळच्या वेळी देतेय. शेंडे छाटू की झाडं उपटून दुसरं काही लावू? सुट्टी आजचीच आहे, प्लीज लवकर सांगा.

कुंपणकाठ: कुंडीत की जमिनीत? पाणी कधी, किती? खत कोणतं?

परसबाग: अंड्याची टरफलं कुटून घाला. डाग म्हणजे कॅल्शियमची कमतरता. मी दरवर्षी हेच करते.

खुरपं: टरफलं मातीत विरायला फार वेळ लागतो, या हंगामात उपयोग नाही. कॅल्शियम बहुतेक मातीत असतंच, पण फळापर्यंत ते पाण्यावाटेच पोचतं. माती कधी ठणठणीत कोरडी, कधी चिखल, असं झालं की फळाचं बूड उपाशी राहतं.

परसबाग: माझी झाडं न बघताच उपयोग नाही म्हणता? एकाही फळाला डाग नाही.

खुरपं: तुम्ही पाणी नेमाने घालत असणार ताई. गुण त्याचा.

कडुनिंब: निंबोळी तेल फवारा, संध्याकाळी. पानांमागची कीड जाते.

मातीतहात: अहो, कीड नाहीये! छाटायचं का, एवढंच विचारलंय. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या, गच्चीत. रोज सकाळी खालून बाहेर येईपर्यंत पाणी. खत युरिया.

नवाअंकुर: मध्येच विचारतो, गुलाबाची छाटणी आता चालेल का?

कुंपणकाठ: आता उलगडा झाला. कुंडीच्या कडेला बघा, माती आक्रसून फट पडली असेल. पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, मधली माती कोरडीच. बोट खुपसून बघा. कडा दाबून घ्या, पाणी थांबत थांबत दोन-तीनदा द्या, वर 5 सेंमी पालापाचोळा पसरा. युरिया बंद. त्यातल्या नत्राने पाला माजतो आणि डागही वाढतो. फुलं गळतात ती उष्म्याने. दिवसा पारा 32-35 अंशांच्या वर आणि रात्रीही 24 च्या खाली येत नसेल तर पराग निकामी होतो. दुपारपुरती शेडनेट लावा. उपटू अजिबात नका, उष्मा उतरला की पुन्हा फळ धरेल.

खुरपं: शेंड्यांचं हवेवर आहे. जिथे हिमतुषार पडतं तिथे त्याच्या महिनाभर आधी शेंडा खुडतात, म्हणजे जोर लागलेल्या फळांकडे जातो. तुमच्याकडे थंडी कधी पडते?

मातीतहात: कडाक्याची पडतच नाही.

खुरपं: मग हात लावू नका. पाला कमी झाला की फळं उन्हाने भाजतात. नवाअंकुर, गुलाबाचंही तेच. वाळलेली फुलं तेवढी खुडा, मोठी छाटणी उन्हाळा सरल्यावर.

मातीतहात: फट आहे, करंगळी सहज जाते आत! डागाळलेली फळं ठेवू का?

कुंपणकाठ: तोडा. डाग भरून येत नाही, झाडाची ताकद उगाच जाते. काळा भाग कापून उरलेलं फळ खाता येतं.

परसबाग: आणि टरफलं घालाच.