मदत हवी आहे: उंदरात आयएल-८ चा जीनच नाही, मग मोजू काय?

नमस्कार मंडळी, सांगलीत एम.फार्म करतोय, विषय हळदीचा (सांगलीत दुसरं काय मिळणार म्हणा). उंदराच्या पोटात थायोग्लायकोलेट (सूज आणणारं द्रव्य) देऊन न्यूट्रोफिल (सुजेच्या जागी आधी धावणाऱ्या पांढऱ्या पेशी) किती गोळा होतात ते बघायचंय आणि सोबत जीन किती चालू होतात तेपण, तर मी आयएल-८ (न्यूट्रोफिलना बोलावणारं प्रथिन) चे प्रायमर (जीन मोजायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवायला निघालो आणि ऐनवेळी कळलं की उंदरात हा जीनच नसतो, त्याच्याऐवजी तसंच काम करणारे केसी आणि एमआयपी-२ बघतात. पैसे वाचले!

आता अडलंय ते असं, न्यूट्रोफिल ४ तासांच्या आसपास भरपूर असतात पण ३-४ दिवसांनी मॅक्रोफेजच (मागाहून येणाऱ्या, कचरा गिळणाऱ्या पेशी) जास्त, मग आरएनएसाठी (त्यावरूनच जीन मोजणार) पेशी ४ तासालाच काढू का त्याच्याही आधी? सर म्हणतात उंदराऐवजी झेब्राफिश (प्रयोगात वापरतात तो छोटा मासा) घे, त्यात आयएल-८ आहे, पण टाक्या कुठनं आणू? कुणी केलंय का हे?