मदत हवी आहे : पाताळयंत्री अपहरणकर्ता आणि त्याच्यापुढे फिकी पडणारी डिटेक्टिव्ह

नमस्कार मंडळी,

गेले आठ महिने एका पटकथेवर काम करते आहे आणि आता पुरती अडकले आहे. थोडक्यात गोष्ट सांगते.

ऐन उन्हाळ्यात अकरा वर्षांची एक मुलगी नाहीशी होते. तिसऱ्या दिवशी एक माणूस स्वतःच्या पायांनी पोलीस ठाण्यात येतो, शांतपणे खुर्चीत बसतो आणि म्हणतो, "ती जिवंत आहे. तिच्याजवळ दोन दिवस पुरेल एवढं पाणी आहे." खंडणी मागत नाही, वकील मागत नाही. फक्त एका ठरावीक डिटेक्टिव्हशीच बोलेन म्हणतो. या बाईंच्या हातून नऊ वर्षांपूर्वी अशाच प्रकरणात एक मूल वाचलं नव्हतं, आणि त्याला ते माहीत आहे. तिथून पुढचा जवळजवळ सगळा चित्रपट त्या दोघांच्या बोलण्यावर उभा आहे.

आतापर्यंत तिघांना वाचायला दिलं. तिघांचंही म्हणणं एकच: तो जबरदस्त झालाय, पण ती बावळट वाटते. तो सांगतो तिकडे ती धावते आणि रिकाम्या हाती परत येते, असं पाच वेळा घडतं. तिला हुशार केलं तर गोष्ट चाळिसाव्या पानावर संपते. त्याला कमजोर केलं तर सगळा ताणच जातो. मला ही बाई मनापासून आवडते. तिला नुसती पळवत ठेवायचं माझ्या जिवावर येतं. ज्यांनी असे चित्रपट बारकाईने पाहिलेत किंवा स्वतः लिहिलंय, त्यांनी कृपया सुचवा. खटकलं तर स्पष्ट सांगा.

प्रतिसाद १

पहिला प्रश्न: तो आपणहून का आला? तुमच्या लिहिण्यात याचं उत्तर दिसलं नाही. त्याला काहीच नको असेल, तर तिच्या हातात रोखून धरायला काहीच उरत नाही. मग ती नुसती याचक होते. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज' (1991) मध्ये कोठडीतला माणूस माहिती फुकट देत नाही, बदल्यात तो त्याला प्रश्न विचारायला आलेल्या एफबीआयच्या (अमेरिकी केंद्रीय तपास यंत्रणेच्या) तरुण प्रशिक्षणार्थी क्लॅरिसच्या लहानपणीच्या आठवणी मागतो. ती धोका ओळखून, समजून-उमजून त्या देते. म्हणून तो कितीही वरचढ असला तरी ती आपल्याला लहान वाटत नाही. तुमच्या माणसाला तिच्याकडून नेमकं काय हवंय ते ठरवा. मला वाटतं त्याला नऊ वर्षांपूर्वीचा तो दिवस तिच्या तोंडून ऐकायचाय. तसं असेल तर ती कधी बोलते, कधी गप्प बसते, यावर तिची सत्ता आली.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. पण मला दुसरीच वाट दिसते. अकिरा कुरोसावांचा 'हाय अँड लो' (1963) पाहिला नसेल तर आधी तो पाहा. (पुढे रसभंग आहे.)

त्यातला अपहरणकर्ता पहिल्या अर्ध्या भागात पोलिसांना अक्षरशः नाचवतो. पैशांच्या बॅगा सात सेंटिमीटरहून जाड नकोत, असं तो बजावतो. का, ते धावत्या रेल्वेगाडीत कळतं: बॅगा खिडकीतून बाहेर टाकायच्या असतात, पण खिडक्या बंद, उघडते ती फक्त स्वच्छतागृहाची, आणि तीही तेवढीच. पोलीस गाडीत असूनही त्यांना हात चोळत बसावं लागतं. तरी एकदाही ते मूर्ख वाटत नाहीत, कारण ते सतत काहीतरी वेचत असतात. फोनच्या टेपवर मागे कसलासा खडखडाट ऐकू येतो. तो कोणत्या मार्गावरच्या गाडीचा, हे एक रेल्वे कर्मचारी ओळखतो. सुटून आलेल्या मुलाने काढलेल्या चित्रातूनही जागेचा माग लागतो. आणि शेवटी पोलीसच त्याला खेळवतात. त्याचे साथीदार मेलेले असताना ते जिवंत आहेत असं त्याला भासवण्यासाठी बनावट चिठ्ठी पाठवतात.

तुमची डिटेक्टिव्ह पाच वेळा रिकाम्या हाती येते, ही खरी चूक वाटते. मुलगी न सापडो, पण दरवेळी हाताला काहीतरी लागलं पाहिजे. पाचाऐवजी दोनच फेऱ्या ठेवा. दुसऱ्या फेरीला तो खोटं बोलतोय हे ओळखूनच तिला जाऊ द्या. आपण नसताना तो काय करतो, हे पाहायला तिने मागे एक हवालदार ठेवलेला असू दे. तो माणूस तासाभरात तीनदा किती वाजले ते विचारतो, एवढं कळलं तरी पुरे.

प्रतिसाद ३

ती जिवंत आहे, याचा पुरावा कुणीच का मागत नाही? वाचताना मला हेच सर्वांत खटकलं.

1932 सालचं लिंडबर्ग अपहरण आठवा, अमेरिकेतले प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाचं. मध्यस्थाने पुरावा मागितला तेव्हा टपालाने बाळाचा झोपताना घालायचा पोशाख आला. तो पाहून 50,000 डॉलर दिले गेले. पण पोशाखावरून एवढंच कळत होतं की बाळ यांनीच नेलंय. ते जिवंत आहे, हे त्यातून कुठे कळत होतं? मे महिन्यात मृतदेह सापडला आणि मूल अपहरणानंतर थोड्याच वेळात गेलं असावं, असं दिसून आलं. हे आठवलं की आजही पोटात कालवतं.

म्हणून जिवंत असल्याची खात्री करताना ज्याचं उत्तर फक्त त्या व्यक्तीलाच ठाऊक आहे, असा प्रश्न विचारतात. तुमच्या डिटेक्टिव्हने पहिल्या दहा मिनिटांत तेच करायला हवं.

त्या प्रकरणात आरोपी सापडला तो चिकाटीमुळे. नोटांचे क्रमांक नोंदवून ठेवले होते आणि त्यांत बऱ्याच सोन्याच्या हमीच्या नोटा होत्या. 1933 मध्ये तशा नोटा चलनातून काढून घ्यायला सुरुवात झाल्यावर त्या उठून दिसू लागल्या. सप्टेंबर 1934 मध्ये एका पेट्रोल पंपावरच्या माणसाला अशी नोट मिळाली आणि त्याने गाडीचा क्रमांक तिच्यावरच लिहून ठेवला.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. प्रतिसाद ३ वाचून रात्रभर झोप लागली नाही, पण वाट मात्र दिसली.

माझा माणूस पाताळयंत्री आहे. आईवडील काय विचारणार हे त्याला ठाऊक असणार: लाडाचं नाव, आवडतं खेळणं. ती उत्तरं त्याने मुलीकडून आधीच काढून घेतली असतील. म्हणून माझी डिटेक्टिव्ह तसलं काहीच विचारत नाही. आधी ती त्याला हवं ते देते, नऊ वर्षांपूर्वीच्या दिवसाबद्दल बोलते. तो सुखावतो. मग ती अगदी सहज विचारते, "ती तुझ्याकडे काय मागत होती?" तिला दुखवायची संधी म्हणून तो सांगतो, "पांघरूण. सारखी पांघरूण मागायची."

बाहेर वैशाखातलं ऊन आहे. म्हणजे मुलगी कुठेतरी गारठ्यात आहे. तळघर, बर्फाचा कारखाना, शीतगृह. हे पटतंय का? की फार सोपं झालं?

प्रतिसाद २

पटतंय. सोपं मुळीच नाही, कारण तो शब्द त्याच्या क्रूरपणातून निसटलाय. फक्त तो "पांघरूण" म्हणतो त्या क्षणी तिचा चेहरा दाखवू नका. संवाद तसाच पुढे चालू ठेवा, तिला आणखी दोन साधे प्रश्न विचारू द्या. मग ती बाहेर येते, व्हरांड्यातल्या पंख्याखाली घाम पुसणारा हवालदार तिला दिसतो आणि ती थबकते. प्रेक्षकालाही ते तिच्याबरोबरच उमगू दे.