चिमणीच्या थिंबलवर पारा सापडत नाही: अहवालात काय लिहावं?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीतल्या कोळशाच्या बॉयलरच्या चिमणीतून आयसोकायनेटिक नमुना (चिमणीतल्या धुराच्याच वेगाने ओढलेला) घेतलाय. थिंबल (धूळ अडवणारी टोपीसारखी गाळणी) गरम आम्लात पचवल्यावर, म्हणजे विरघळवल्यावर, शिसं, कॅडमियम, निकेल व्यवस्थित येतंय, पारा जवळपास शून्य. कोळशात मात्र किलोमागे ०.१४ मिलिग्रॅम पारा आहे. ‘पारा आढळला नाही’ लिहिलं तर चालेल का? चिमणीआधी पाण्याचा स्क्रबर (धूर धुणारं यंत्र) आहे.

स्टॅकमित्र:
नाही चालणार. शिसं, कॅडमियम भट्टीत वाफ झाले तरी धूर निवताना राखेच्या बारीक कणांवर बसतात, म्हणून थिंबलवर सापडतात. पारा १२०-१५० अंशांनाही बहुतांश वायूच राहतो आणि थिंबलमधून सरळ निघून जातो.

आधी कागदावर हिशेब करा. जादा हवा धरून किलोभर कोळशामागे ६ ते ८ सामान्य घनमीटर (ठरावीक तापमान-दाबाला मोजलेला) धूर होतो. सगळा पारा वर गेला तर घनमीटरमागे साधारण २० मायक्रोग्रॅम. हा आकडा शून्य नक्कीच नाही. तुलनेसाठी, औष्णिक केंद्रांची डिसेंबर २०१५ची मर्यादा ३० मायक्रोग्रॅम आहे. तीही २००३ पर्यंतच्या संचांपैकी फक्त ५०० मेगावॉट किंवा त्याहून मोठ्यांना. नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक केंद्राचे २१० मेगावॉटचे जुने संच त्यात बसतच नाहीत. असा एक संच पूर्ण भाराला तासाला १४०-१५० टन कोळसा खातो. वरचंच प्रमाण धरलं तर तासाला २० ग्रॅम पारा भट्टीत जातो. मोजायलाच हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

नमुन्यासाठी ऑन्टारियो हायड्रो पद्धत घ्या. प्रोब (धूर ओढणारी नळी) आणि फिल्टर किमान १२० अंशांवर तापवलेले, पुढे बर्फात ८ इम्पिंजर (ज्यांतून धूर नेतात त्या काचेच्या बाटल्या): ३ मध्ये १ मोलर पोटॅशियम क्लोराइड, एकात ५ टक्के नायट्रिक आम्ल व १० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, ३ मध्ये ४ टक्के पोटॅशियम परमँगनेट व १० टक्के सल्फ्युरिक आम्ल, शेवटी सिलिका जेल. पोटॅशियम क्लोराइडमध्ये विद्राव्य पारा (पाण्यात विरघळणारी पाऱ्याची संयुगं) अडकतो, परमँगनेटमध्ये मूलद्रव्य पारा. परमँगनेटचा जांभळा रंग उडाला तर ती फेरी बाद धरा. बहुधा धुरातल्या सल्फर डायऑक्साइडने पेरॉक्साइड संपवलेलं असतं. काचेवरचा तपकिरी थरही धुऊन नमुन्यात घ्या, त्यात पारा धरलेला असतो. आणि परमँगनेटची बाटली घट्ट बंद करू नका, आत दाब वाढतो.

रसायन_नाशिकरोड:
एवढं जमत नसेल तर पारा शोषणाऱ्या आयोडीनयुक्त कार्बनच्या नळ्या, जोडीने. प्रत्येक नळीत कार्बनचे एकामागे एक भाग असतात. नळीच्या दुसऱ्या भागात पहिल्याच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पारा आला तर नमुना बाद. मात्र ही पद्धत धूळ कमी असलेल्या ठिकाणीच, म्हणजे बॅगफिल्टरनंतर (धूळ गाळणाऱ्या कापडी पिशव्या). धुळीच्या धुरात आकडा विश्वासाचा नसतो.

पचन कशात केलंत? उघड्या हॉटप्लेटवर केलं असेल तर थिंबलवर होता तेवढा पाराही उडाला. बंद टेफ्लॉन भांड्यात, मायक्रोवेव्हमध्येच करा. पॉलिथिनच्या बाटलीत नमुना ठेवू नका, काच किंवा टेफ्लॉन. मोजणी कोल्ड व्हेपरवर, म्हणजे स्टॅनस क्लोराइडने पाऱ्याची वाफ करून ती २५३.७ नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषते ते पाहून.

गोदाकाठ:
पचन हॉटप्लेटवरच झालंय. स्क्रबरमुळे पारा खाली येत असेल ना?

स्टॅकमित्र:
अर्धवट. पाऱ्याचं क्लोराइड पाण्यात विरघळतं, मूलद्रव्य पारा नाही. शिवाय पाण्यात सल्फाइट साचला की विरघळलेल्यातला काही पारा पुन्हा मूलद्रव्य होऊन वर निघतो. कोळशात क्लोरीन कमी असेल तर विरघळणारा हिस्साच कमी. म्हणून क्लोराइड आणि परमँगनेटचे आकडे वेगवेगळे द्या, बेरीज करून नको.

त्याच दिवशीचा कोळसा, तळराख, उडती राख, स्क्रबरचं पाणी, चारही घ्या. राखेतला न जळलेला कार्बन पारा धरतो, ती सोडली तर जमाखर्च जुळणार नाही. हातातल्या अहवालात सध्या ‘पारा तपासलेला नाही’ एवढंच लिहा.