घरात रेंज नाही, तरी लॉक-इनचा दंड काहून भरायचा?

वाठोडा_लेआउट:
मोबाईलच्या काही पोस्टपेड प्लॅनवर वर्षाचं लॉक-इन, म्हणजे आधी सोडलं तर दंड. आणि नागपुरात बेसा, वाठोडा, हुडकेश्वरकडच्या नव्या फ्लॅट स्कीममध्ये बोलायला बाल्कनी गाठावी लागते. सेवाच पोचत नसेल तर दंड कशाचा? एक पैसा देऊ नये.

टॉवरखालचा:
कशाचा म्हणजे? वर्षभर याच कंपनीत राहीन म्हणून प्लॅनच्या भाड्यात सूट घेतली, त्याचा. इमारतीच्या आत सिग्नलची हमी नाही, हेही अर्जात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. ९०० मेगाहर्ट्झचं सिग्नल भिंतीतून बऱ्यापैकी शिरतं; २३०० आणि ५जीचं ३५०० आरसीसीपुढे (सळईच्या काँक्रीटपुढे) दम तोडतं. त्यात उन्हाळ्यात खिडकीला पत्र्याचा कूलर ठोकला की होती ती वाटही बंद! आधी महिनाभर प्रीपेड वापरून पाहायचं, मग सही करायची.

सदर_वकिली:
हमी नाही लिहिलं की कंपनी सुटली, असं नाही. करार कायदा १८७२, कलम ७४ नुसार लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा. मिळते ती वाजवी भरपाई. अकराव्या महिन्यात सोडणाऱ्याकडून दुसऱ्या महिन्याइतकाच दंड कसा वाजवी? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम २(४६) अशा अवाच्या सवा दंडाला अनुचित करारात धरतं. मात्र अनुचित कराराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालत नाही, राज्य आयोगात जाते. त्याचं परिक्रमा (फिरतं) खंडपीठ नागपुरातच आहे. सेवेतली त्रुटी म्हणून मांडली तर जिल्हा आयोग, सेवेसाठी भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. टेलिकॉमचे वाद ग्राहक आयोगात चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

डीबीएम:
कलमं नंतर, आधी पुरावा. सिग्नलच्या कांड्या मोजू नका, प्रत्येक फोन त्या आपल्या मर्जीने दाखवतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस: तिथे सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. ४जीवर उणे ९० चांगलं, उणे ११० च्या खाली गेलं की कॉल तुटू शकतो. हॉल, आतली खोली, गच्ची आणि खाली रस्त्यावर, सकाळी आणि रात्री नऊला, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. गच्चीवर उणे ८५ आणि आत उणे ११५ असेल तर दोष भिंतींचा: वाय-फाय कॉलिंग चालू करा, बहुतेकांचं भागतं. रस्त्यावरही उणे ११५ असेल तर कंपनीला पकडा. आकडा उत्तम आणि तरी नेट ढिम्म? टॉवरवर गर्दी. बाजारातला बूस्टर मात्र लावू नका; परवानगीशिवाय तो बेकायदा आहे आणि शेजाऱ्यांचीही रेंज बिघडवतो.

वाठोडा_लेआउट:
एवढा खटाटोप कशाला? नंबर पोर्ट करायचा, विषय संपला.

टॉवरखालचा:
तिथेच अडकतात ना भाऊ. १९०० वर इंग्रजीत पोर्ट, जागा सोडून नंबर पाठवला की ८ अक्षरांचा कोड येतो, आपल्याकडे ४ दिवस चालतो. पण या नेटवर्कवर ९० दिवस झाले नसतील, मुदत उलटलेलं बिल बाकी असेल किंवा करारातली बाहेर पडायची अट पाळली नसेल, तर कोडच मिळत नाही.

सदर_वकिली:
म्हणून क्रम पाळा. कंपनीच्या १९८ वर तक्रार, तिचा डॉकेट नंबर लिहून ठेवा. निकाल पटला नाही तर ३० दिवसांत कंपनीकडेच अपील. वापराचं बिल वेळेवर भरा, दंडावर तेवढी ईमेलने हरकत घ्या आणि हिशोब मागा: सूट किती दिली, महिने किती उरले.

टॉवरखालचा:
घेतलेली सूट परत करायला तयार असाल, तर माझं भांडण नाही. शून्य देणार म्हणाल तर आहे.