नवीन पोरं रीडिंग 'जुळवून' आणतात. दोष शाळेचा की कारखान्याचा?

मायक्रॉनवाला: 22 वर्षं क्वालिटीत आहे. गेल्या आठवड्यात नव्या पोराने 25 मिमीच्या 10 शाफ्टची रीडिंगं लिहिली, सगळी 25.00. टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, 20 मायक्रॉन (0.02 मिमी). मी मायक्रोमीटर लावला, तर तिसराच शाफ्ट 24.96. विचारलं तर म्हणतो, "सर, किती यायला पाहिजे ते ड्रॉइंगवर होतंच की." पोरगं लबाड नाही. अकरावीला लंबकाच्या प्रयोगात आपण हेच केलं. गुरुत्वाकर्षणाचा g 980 यायला हवा, म्हणून उत्तरावरून मागे येत 20 दोलनांचे सेकंद भरायचे. 920 आला की "पुन्हा लिहून आण". का आला, हे कुणी विचारलंच नाही. रीडिंग जुळवायचं असतं, हे तो तिथेच शिकला.

दिवसपाळी: अजिबात पटलं नाही. तसलीच जर्नलं मीही भरली, आज खरं रीडिंग लिहितो. टोयोटाच्या पद्धतीत चूक दिसली की साधा कामगार दोरी ओढतो, मग लाइन थांबली तरी चालते. आपल्याकडे रिजेक्शन दाखवलं की इनचार्ज सगळ्यांसमोर झापतो, पाचला गाडी निघायची असते. पोरगं 25.00 नाही लिहिणार तर काय करणार? त्याच्या शाळेला कशाला बोल लावता?

साताऱ्याचा: शाळेचा वाटा मोठा आहे, मी अनुभवलंय. कर्मवीर अण्णांनी 1919 ला काले गावी रयत सुरू केली, 1947 ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज. तिथल्या 'कमवा आणि शिका'त मी झाडांसाठी खड्डे खणलेत. दोन फूट म्हणजे दोन फूट, सर काठी घालून बघायचे. कमी भरला तर शिव्या नाहीत, मार नाही. परत खणायचं, बस्स. आज साइटवर स्लॅबचं कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) किती बसेल ते स्वतः मोजल्याशिवाय काँक्रीट ओतू देत नाही.

दिवसपाळी: तुमच्याबरोबर खड्डे खणणारे सगळेच तसे निघाले का? एकाला तरी नंतर कमी सिमेंट घालताना पाहिलं असेलच.

साताऱ्याचा: पाहिलंय. खोटं कशाला बोलू.

मायक्रॉनवाला: दिवसपाळी, झापाझापी आमच्याकडेही होते आणि ती वाईटच. पण एक सांगायचं राहिलं. ते 10 शाफ्ट ट्रेनिंगचे होते, भंगारातून काढलेले. गाडी निघायची नव्हती, इनचार्ज शेजारच्या शेडमध्ये होता. कुणाचाच धाक नसताना त्याने 25.00 लिहिलं.