गच्चीवरचा टोमॅटो, चार दिवसाआड पाणी आणि सोलापूरचं ऊन: कुणाला जमलंय का?

जुळेसोलापूरकरीण

नमस्कार मंडळी. घर जुळे सोलापुरात. गच्ची ऐसपैस, पण पश्चिमेला आडोसा म्हणून काही नाही. दुपारी बारानंतर तिथं अनवाणी पाय टेकवत नाही.

थंडीत माझी बाग झकास असते. गड्ड्याच्या यात्रेला (संक्रांतीच्या वेळची सिद्धेश्वराची यात्रा) पाहुणे येतात तेव्हा मेथी, पालक, भरली वांगी सगळं घरचं. यंदा सासूबाई स्वतः वर जाऊन वांगी तोडून आणल्या आणि पंगतीत "आमची वांगी हायत" म्हणून सांगत होत्या. एरवी त्याच वांग्यांना "तुझ्या त्या कुंड्या-बिंड्या" म्हणतात. पण मोठी काटेरी वांगी, परडीत दवासकट, आणि त्यांच्या तोंडचं ते "आमची"! मला वर्षभराचं बळ मिळालं.

आणि आता चैत्र. टोमॅटोला फुलांचे घोस येतात, देठाच्या मधल्या सांध्याशी पिवळे पडतात आणि नुसता हात लागला की टपकन निखळतात. सकाळी झाडू मारताना सुपलीत फुलंच फुलं. जी दोन-चार फळं धरली त्यांच्या बुडाला काळा, खोलगट, वाळका डाग. एका व्हिडिओत सांगितलं कॅल्शियम कमी पडतंय, अंड्याची टरफलं घाला. आमच्या घरात अंडं येत नाही. शेजारणीकडून टरफलं मागून आणली, कागदात गुंडाळून, चोरून. सासूबाईंना वास लागलाच. त्यावर जे महाभारत झालं ते इथं लिहीत नाही. डाग काही गेला नाही.

पाणी चार दिवसाआड. त्यामुळं मामंजी एक थेंब वाया जाऊ देत नाहीत. भाज्या धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, कूलरच्या टाकीत उरलेलं, सगळं कुंड्यांना. सगळ्या झाडांच्या पानांच्या कडा मात्र करपल्यासारख्या तपकिरी. जास्वंदीवर पांढरा कापूस धरलाय तो वेगळाच.

घरच्यांचं म्हणणं, मंडईत दहा रुपयाला पेंडी मिळते, कशाला रक्त आटवतीस? मला भाजीचा हिशोब मांडायचाच नाही. मांडला तर मी हरणार, हे मला ठाऊक आहे. मला एवढंच विचारायचंय की सोलापुरात एप्रिल-मे मध्ये गच्चीवर नक्की काय जगतं? टोमॅटोला शेडनेट घालून उपयोग आहे का? आणि मेमध्ये आठवडाभर माहेरी जायचंय, तेव्हा पाण्याचं काय? पुण्या-मुंबईचे उपाय कृपया सांगू नका. तिकडच्या बायका मे महिन्यात कोथिंबीर पेरा म्हणतात. इथं पेरून दाखवा म्हणावं.

नवीपेठवाला

ताई, आमच्या गच्चीवर मे महिन्यात फक्त पापड-कुरडयांचं पीक येतंय. लै जोरात येतंय, एका दिवसात तयार. तेच घ्या.

चेष्टा बाजूला. त्या काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत झाडं असतील तर दुपारी तीन वाजता पिशवीच्या पश्चिमेच्या अंगाला तळहात लावून बघा. दोन सेकंद टिकत नाही. आत मुळ्या शिजतात की वो. गोणपाट गुंडाळा, कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवा आणि खाली विटा द्या. स्लॅबला चुना मारला तर घरपण गार राहतंय.

सांगोल्याचा

ताई, आमचं मूळ गाव सांगोला तालुक्यात, घरची डाळिंबं. आता नोकरीमुळं विजापूर रोडला राहतो आणि बाग गच्चीवर. जरा सविस्तर लिहितो.

टोमॅटोचं फूल का गळतं? दिवसा पारा पस्तिशीच्या पुढं आणि रात्रीही चोविसाच्या खाली येत नाही, असं झालं की टोमॅटोचे परागकण वांझ होतात. फुलाचं फळ होतच नाही, मग झाड ते टाकून देतं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४०-४२ ला सहज जातो. शेडनेटनं ऊन कमी होतं, हवा गार होत नाही. झाड जगेल, फळ देणार नाही. होळी झाली की टोमॅटो उपटायचा, हळहळायचं नाही. युरोपातले लोक बर्फात बाग बंद ठेवतात की नाही? आपली सुट्टी उन्हाळ्यात.

आपलं गाव पर्जन्यछायेतलं. पाऊस सरासरी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरात, आणि त्यातही सप्टेंबर सगळ्यात भरवशाचा. म्हणून आपलं वर्ष गणपतीपासून धरा. टोमॅटो, वांगी, मिरचीचं बी ऑगस्टमध्ये टाकायचं, गणपती उठले की रोपं कुंडीत. संक्रांतीपर्यंत दणकून येतं. पालेभाज्या दसऱ्यापासून पुढं. उन्हाळ्यासाठी गवार आणि भेंडी फेब्रुवारीतच पेरायची. गवारीचं मूळ खोल जातं, तिला खोल डबा द्या, ती ऊन पचवते. भेंडीला पाणी लागतं, पण ऊन तिलाही चालतं.

आता बुडाचा काळा डाग. कॅल्शियमचाच प्रकार आहे तो, पण मातीत कॅल्शियम नाही म्हणून नाही. आपल्या काळ्या मातीत चुनखडी बक्कळ. मातीतला पांढरा खडा उचला, त्यावर लिंबू पिळा, फसफसतंय का बघा. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं आणि पाणी आधी पानं ओढून घेतात, फळाच्या टोकाला सगळ्यात शेवटी पोचतं. तुमची कुंडी तीन दिवस कोरडी आणि चौथ्या दिवशी तुडुंब, मग टोकाला काय पोचणार? टरफलांवरून घरात भांडण करू नका. ती कुजायलाच कैक महिने जातात. त्यापेक्षा कुंडीवर उसाचं पाचट किंवा वाळला पालापाचोळा चार बोटं जाड पसरा आणि पाणी थोडं थोडं, रोज संध्याकाळी द्या.

कूलरचं पाणी मात्र आजच बंद. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते, क्षार जात नाहीत. रोज वरून नवीन पाणी ओतायचं, रोज वाफ. आठवड्यानं टाकीत जे उरतं ते मिठवणीच. त्या करपलेल्या कडा त्याच्याच. पिण्याच्या पाण्याच्या आरओ फिल्टरच्या नळीतून बाहेर पडणारं पाणीही तसलंच. त्यानं फरशी पुसा. एसी असेल तर त्याच्या नळीचं पाणी बिनधास्त घाला, त्यात क्षार जवळजवळ नसतात. कुंडीच्या कडेला पांढरा थर धरलाय ना? वरची इंचभर माती खरवडून टाका, नवी माती आणि शेणखत भरा. मोठा पाऊस आला की सगळ्या कुंड्या उघड्यावर ठेवायच्या, भोकातून पाणी भरपूर वाहू द्यायचं. क्षार धुऊन जातात.

आणि मुख्य सांगायचं राहिलंच: ताण. डाळिंबवाल्याला विचारा. बहार धरायचा म्हणजे आधी पाणी तोडायचं. पानं पिवळी पडून गळेपर्यंत झाड उपाशी ठेवायचं, मग छाटणी, खत, आणि मग पाणी. झाड फुलानं लदबदतं. मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार, हे फुलोऱ्याचे तीन हंगाम, सगळा खेळ पाणी कधी तोडायचं याचा आहे. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या केगावला आहे. हे सगळं कमी पावसाच्या मुलखात झालंय, विसरू नका. गच्चीवरही हेच करा. मोगरा, कागदी लिंबू, कागदी फुलांची बोगनवेल, बुटकं डाळिंब, ही ताण खाणारी मंडळी एका बाजूला. चार दिवसाआड पाण्यावर त्यांचं काही बिघडत नाही, मोठ्या कुंडीत असली म्हणजे झालं. भाजी ताण सोसत नाही. तिला सावलीची, नळाजवळची जागा. आज तुम्ही सगळ्यांना एकाच मापानं पाणी घालताय असं वाचून वाटलं. त्यात लिंबू माजतं, नुसता पाला काढतं, आणि टोमॅटो मरतो.

जास्वंदीवरचा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. आधी मुंग्यांचा बंदोबस्त करा, त्याच त्याला फांदीफांदीवर नेऊन वसवतात. मग पाण्याचा जोराचा फवारा, नंतर लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी, ऊन उतरल्यावर. आठवड्यानं परत. लै माखलेली फांदी सरळ कापून टाका.

अशोकचौक_अक्का

सांगोल्याच्या भावांनी सगळंच सांगितलं, मी बायकांच्या कामाचं सांगते.

आमचं पूर्व भागातलं तेलुगू घर, टॉवेलचा धंदा. माहेरी जायचं तर जुना टॉवेल काढा. जुनाच. नव्याला खळ असते, तो पाणी धरत नाही. दोन बोटं रुंद लांब पट्ट्या फाडा, भिजवून पिळा. बादली विटांवर उंच ठेवायची, पट्टीचं एक टोक बादलीच्या बुडापर्यंत, दुसरं कुंडीत चार बोटं खोल मातीत. मधली पट्टी उघडी राहिली तर वाळते, म्हणून जुन्या पाइपचा तुकडा त्यावर चढवायचा. पाणी हळूहळू झिरपत राहतं. एका बादलीला दोन-तीन कुंड्याच, हाव करू नका. निघायच्या आधी घरात दोन दिवस करून बघा, कुठली पट्टी ओढते आणि कुठली नाही ते कळतं. बादलीवर फडकं घट्ट बांधा, नाहीतर परत येईपर्यंत डासांची पैदास. डेंग्यूचा डास असल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच वाढतो.

मोगऱ्याच्या कळ्या जांभळट होऊन न उमलता गळतात का? बघा. एक जांभळी कळी नखानं उघडा, आत हिरवट बारीक अळी असते, नाहीतर तिचं भोक तरी. असल्या कळ्या रोज संध्याकाळी वेचून साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. कुंडीत टाकायच्या नाहीत, तिथूनच परत येते. मोगरा फुलून गेला की शेंडे खुडा, नव्या फुटीवरच कळी धरते. आमच्याकडं यामुळं पाऊस येईपर्यंत गजऱ्यापुरती फुलं निघतात. विकतचा गजरा सकाळी घेतला तर दुपारी मान टाकतो. घरचा संध्याकाळी पाचला टपोऱ्या कळीत ओवायचा, रात्री नऊला उमलतो. जिन्यात वास येतो, खालच्या मजल्यावरचे विचारतात.

आणि जूनमध्ये अंबाडी पेरा. फारसा खर्च नाही, कसलं कौतुक नाही. कापली की परत फुटते. आमच्या घरात शेंगादाणे घालून अंबाडी झाली की दुसऱ्या भाजीकडं कुणी बघत नाही.

जुळेसोलापूरकरीण

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. कूलरचा विषय मामंजींकडं काढला. ते म्हणाले, "मीठ असतंय तर चाखून बघ." मी नाही चाखलं, पण टाकीच्या तळाशी नखानं खरवडलं तर पांढरी पापडी निघाली. ती बघून गप्प झाले. आता ते पाणी जिन्याला जातं आणि जिना कधी नव्हे इतका चकचकीत आहे.

टोमॅटो मात्र उपटवत नाही हो. एकाला तीन हिरवी फळं आहेत. ती उतरवते आणि मग बघते. हिरव्या टोमॅटोची चटणी सासूबाई चांगली करतात, दाण्याचं कूट घालून. त्यांना तेवढं मोठेपण दिलं की टरफलांचं प्रकरणही मिटेल.

अक्का, जांभळी कळी उघडली. अळी निघाली! इतके दिवस मी उन्हाला शिव्या घालत होते.

आणखी एक, सांगोल्याच्या काकांना. जिन्याच्या सावलीत दुधीचा वेल आहे, मांडवावर चढलाय, फुलंही पांढरीशुभ्र. बोटभर दुधी धरतात आणि मग बुडाकडून पिवळे पडून सुकतात. पाणी रोज आहे त्याला. हाही उन्हाचाच मार का?

सांगोल्याचा

काका म्हटलंत, केस पिकल्याचं सार्थक झालं.

दुधीचं बहुतेक परागीकरण होत नाहीये. नर फूल आणि मादी फूल वेगळं असतं. मादी फुलाच्या खाली लवदार इवलासा दुधी असतो, नराचा देठ लांब आणि सरळ. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा मधमाश्या घरी गेलेल्या असतात. शेतात रात्रीचे पतंग येतात, तुमच्या जिन्यात कुठून येणार? दिवेलागणीला वर जा. ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागं दुमडा, मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या आतल्या जाड भागावर तिन्ही बाजूंनी हलकेच फिरवा. एक नर दोन माद्यांना पुरतो. लागलं असेल तर चार-पाच दिवसांत दुधीचा देठ खाली वाकतो आणि दुधी फुगायला लागतो. वेल कोवळा असताना आधी नुसते नरच येतात, तेव्हा घाबरू नका. पुढं कडक उन्हात परत नर वाढतात आणि माद्या कमी होतात. म्हणून आत्ता ज्या आहेत त्या दवडू नका.

दोडक्यालाही संध्याकाळच. कारलं लावलंत तर हाच उद्योग सकाळी आठच्या आत.

जुळेसोलापूरकरीण

कारली लावत नाही, मामंजी ताटावरून उठतात. दुधीचं आज संध्याकाळीच करते. सासूबाई विचारतायत, कामाला त्याही येऊ का.