जवळ मल्टिप्लेक्स आलं तेव्हा तुमच्या थिएटरचं काय झालं?

पहिली_रांग
काल माळा आवरताना एका गोल डब्यात फिल्मचा तुकडा सापडला, हातभर असेल. उजेडाकडे धरला तर एकाच बाईचा चेहरा पुन्हा पुन्हा, आणि चार चौकटींत उजवीकडे वरच्या कोपऱ्यात छोटा गोल ठिपका. माझा मामा ऑपरेटर होता, त्याच्यासाठी तो ठिपका म्हणजे हाक. पहिला ठिपका दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, सातेक सेकंदांनी दुसरा दिसला की या मशीनची झडप बंद त्या मशीनची उघडी. खाली बसलेल्या कुणाला काही कळता कामा नये. २००० फुटांचं रीळ साधारण २२ मिनिटं चालतं म्हणजे दोन तासांच्या सिनेमात पाच वेळा तरी हे करायचंच.

चालत दहा मिनिटांवर मल्टिप्लेक्स उघडलं आणि दीड वर्षात मामाच्या थिएटरला कुलूप लागलं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि खरं सांगते, मीही तिकडेच जायला लागले होते. मामा कधी काही बोलला नाही. फक्त एकदा विचारलं, तिकडे चित्र कडेला धूसर दिसतं का गं?

तुम्ही थिएटरात काम केलंय, शेजारी राहिलाय की नुसते बघायला जायचात, जे आठवेल ते लिहा. सुसंगत नसलं तरी चालेल.

चांदणी_७
बाबांची बॅटरी अजून आहे आमच्याकडे!! डोअरकीपर होते ते. काचेवर लाल कागद लावलेला, उजेड पायाशी पाडायचा, कुणाच्या तोंडावर मारायचा नाही हा त्यांचा नियम. रोज येणाऱ्यांच्या जागा पाठ. एक आजोबा दर मंगळवारी दुपारच्या खेळाला यायचे, डाव्या कानाने ऐकू यायचं नाही म्हणून बाबा त्यांना कायम अगदी डावीकडची खुर्ची द्यायचे, म्हणजे चांगला कान आवाजाकडे. मल्टिप्लेक्स झाल्यावर आजोबा तिकडे एकदाच गेले आणि परत बाबांकडे आले, म्हणाले तिथे मशीन जागा देतं आणि मशीनला माझा कान माहीत नाही. शेवटच्या महिन्यात एका खेळाला पाच जण होते त्यात ते एक. बाबांनी तेव्हाही बॅटरी घेऊन पाचही जणांना जागेपर्यंत सोडलं.

मेथीची_जुडी
चांदणी, डोळ्यांत पाणी आणलंस. कुकरची शिट्टी होतेय, नंतर सविस्तर लिहिते.

आकडेमोड
मी वितरकाकडे बुकिंगला होतो त्यामुळे दुसरी बाजू माहीत आहे. लोकांना वाटतं प्रेक्षक चांगल्या खुर्च्यांसाठी गेले, तेही खरंच, पण मूळ घाव वेगळ्या ठिकाणी बसतो. ८०० खुर्च्यांचं एकच सभागृह घ्या, सिनेमा पडला की आठवडाभर साठ माणसांसाठी तेवढं अख्खं सभागृह चालवायचं, वीज तेवढीच माणसं तेवढीच, आणि वर आमचीच अट की अमुक आठवडे सगळे खेळ याच सिनेमाचे, मधे उतरवता येणार नाही. मल्टिप्लेक्समध्ये तोच सिनेमा आधी मोठ्या हॉलला, गर्दी ओसरली की शंभर खुर्च्यांच्या छोट्या हॉलला, मोठ्यात लगेच नवा. एक सिनेमा पडला तर दुसरा सांभाळून घेतो. एकपडद्याला सांभाळणारं कुणीच नाही. अमेरिकेतले थिएटरमालक स्टॅनली डरवुड यांनी १९६३ मध्ये कॅन्सस सिटीत एका छताखाली दोन पडदे सुरू केले त्यामागे हाच हिशेब होता, तिकीट खिडकी एक, लॉबी एक, कामाची माणसं तीच आणि सिनेमे दोन.

आणि नवा सिनेमा देताना मल्टिप्लेक्सची मोठी साखळी म्हणायची, आम्हाला द्यायचा असेल तर जवळच्या थिएटरला देऊ नका. ते नकाराचे फोन मीच केलेत. एका मालकांना सलग तीन मोठे सिनेमे नाकारले, चौथ्या वेळी त्यांनी फोनच केला नाही. ते माझ्या मनातून जात नाही.

पहिली_रांग
आकडेमोड, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मामाचे मालक महिनाभर जुनेच सिनेमे लावत होते, आम्हाला वाटायचं त्यांना हौस उरली नाही. आज कळलं.

शांत_निवांत
थोडं वेगळं मत, रागावू नका. माझी आई चाकाच्या खुर्चीवर. आमच्या जुन्या थिएटरला दारातच अकरा पायऱ्या, आत पुन्हा उतार आणि अंधार. नऊ वर्षं तिने पडद्यावर सिनेमा पाहिला नव्हता. मल्टिप्लेक्सला लिफ्ट होती आणि रांगेच्या टोकाला खुर्ची लावायला मोकळी जागा. दिवे विझले तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला आणि पहिली दहा मिनिटं सोडलाच नाही. जुन्यावर माझंही प्रेम आहे, पण ज्यांना आत जाताच येत नव्हतं त्यांचंही लिहायला हवं ना.

मेथीची_जुडी
शांत_निवांत, रागावण्यासारखं काय त्यात. अगदी खरं आहे. आणि बायकांची स्वच्छतागृहं! जुन्या थिएटरमध्ये दाराला कडी असेल तर नशीब. मला तर दीड तासाच्या वर बसायची भीतीच वाटायची. मालकांनी तेवढं जरी वेळेवर केलं असतं तरी आम्ही काही जणी गेलो नसतो तिकडे.

रसायनवाला
धागाकर्त्या ताई, विषयांतर होतंय पण तातडीचं आहे. त्या डब्यातून आंबूस वास येतो का, व्हिनेगरसारखा? ॲसिटेट फिल्म जुनी झाली की त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं, बंद डब्यात ते कोंडतं आणि फिल्म आणखी लवकर खराब होते. डब्याचं झाकण थोडं सैल ठेवा, कोरड्या थंड जागी ठेवा, माळ्यावर नको.

पहिली_रांग
बापरे. अजून वास घेतला नाही, आज रात्री बघते. आग वगैरे लागते असं कुठेतरी वाचलं होतं ते हेच का?

रसायनवाला
नाही नाही, ती नायट्रेट फिल्म, ती भयंकर पेटते, पाण्याखालीसुद्धा जळत राहते. कोडॅकने १९५१ च्या सुमारास ती बनवणं थांबवलं. मामा त्यानंतरचे असतील तर काळजी नको.

दोन_भिंती
आमच्या मालकांनी टिकाव धरायला सभागृहाच्या मधोमध भिंत घातली आणि दोन पडदे केले. भिंत पातळ. इकडे नायक नायिकेला हळू आवाजात काहीतरी मनातलं सांगतोय आणि पलीकडून धाडधाड गोळीबार, सगळं सभागृह हसायचं, आम्ही पोट धरधरून हसायचो. शिवाय खुर्च्या जुन्या जागीच, म्हणजे तोंड भिंतीकडे आणि पडदा तिरका, मान अवघडायची. पण तीन वर्षं जास्त चालवलं त्यांनी त्या भिंतीवर, आणि सहा माणसांची नोकरी तीन वर्षं राहिली. मला त्या माणसाचा अभिमान आहे.

काळी_कळ
डिजिटल आलं तेव्हा मी मशीनवर होतो, त्यावरही लिहा कुणीतरी, कारण मल्टिप्लेक्सपेक्षा मोठा धक्का तो होता. रिळं बंद झाली, पॅरामाउंट या मोठ्या सिनेमा कंपनीने अमेरिकेत २०१४ च्या सुरुवातीला फिल्मच्या प्रिंटा देणं थांबवलं, बाकीचेही त्याच वाटेला. म्हणजे नवा प्रोजेक्टर घ्या नाहीतर बंद करा. मोठ्या साखळ्यांना एकगठ्ठा परवडलं, एकट्या मालकाला नाही. आम्ही कसाबसा घेतला. सिनेमा हार्डडिस्कवर यायचा आणि तो उघडायला वेगळी की म्हणजे डिजिटल किल्ली, ती ठराविक मशीनवर ठराविक तारखांनाच चालते. एका पहिल्या खेळाला की आलीच नाही. ३०० माणसं आत, सिनेमा माझ्या हातात, आणि कुलूपबंद. समोरून फोनवर फक्त थांबा थांबा. रीळ तुटलं तर मी दोन मिनिटांत टेप लावून जोडायचो हो, इथे हात नुसते लटकत होते. ५० मिनिटांनी की आली तोवर निम्मे लोक मल्टिप्लेक्सकडे निघून गेले होते.

मेथीची_जुडी
काळी_कळ, अंगावर काटा आला.

परदेशस्थ_
ब्रिटनमधलं पहिलं मल्टिप्लेक्स मिल्टन कीन्सला १९८५ मध्ये सुरू झालं, द पॉइंट नाव, दहा पडदे. मी राहायला गेलो तेव्हा त्याचे शेवटचे दिवस होते. २०१५ मध्ये तेही बंद झालं, नवं मोठं तयार झालं म्हणून. शेवटच्या आठवड्यात मी गेलो तर लोक रिकाम्या हॉलचे फोटो काढत होते, पहिल्यांदा हातात हात घेतला तो इथेच, असं एक जोडपं एकमेकांना सांगत होतं. तीस वर्षांत ते कुणाचं तरी जुनं थिएटर झालं होतं.

चांदणी_७
परदेशस्थ, हे वाचून बाबांना सांगितलं. ते म्हणाले तिथल्या डोअरकीपरचं काय झालं विचार.

परदेशस्थ_
डोअरकीपर नव्हताच हो तिथे, तिकीट फाडणारी मुलं होती शाळेतली. बाबांना नमस्कार सांगा.

पहिली_रांग
डबा उघडला, वास नाही. आज तो तुकडा घेऊन मामाकडे गेले. त्याला आता जवळचं अजिबात दिसत नाही. मी म्हटलं ठिपका आहे बघ कोपऱ्यात, तर त्याने तुकडा हातात घेतला, कडेने बोट फिरवलं आणि ओठांत हलकेच धरला. ओल्या ओठाला चिकटते ती रसायनाची बाजू, अंधारात ते तसंच ओळखायचे. मग बरोबर बाजू दिव्याकडे करून मला परत दिला. म्हणाला, आता बघ.